गति, बल आणि बोरघाट

न्यूटनचा पहिला नियम उत्तरपत्रिकेंत शब्दशः बिनचूक उतरविणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत सांपडतात. बाह्य बलाचें कार्य घडलें नाहीं तर स्थिर वस्तु स्थिर राहते आणि गतिमान वस्तु सरळ रेषेंत एकसारख्या वेगानें जात राहते, हें वाक्य त्यांस झोंपेंतहि म्हणतां येईल. परंतु अशाच एखाद्या विद्यार्थ्यास आपण पुढील प्रश्न विचारून पाहावा. कर्जतहून लोणावळ्याकडे बोरघाट चढणारी एक आगगाडी आहे. रूळ सरळ आहे आणि गाडीचा वेग ताशीं ४० किलोमीटर असून तो कमी होत नाहीं कीं वाढत नाहीं. पुढें एक इंजिन ओढीत आहे, मागून दुसरीं इंजिनें रेटीत आहेत. तर त्या सबंध गाडीवर घडणारें एकंदर बल किती? उत्तर बहुधा असें येतें कीं, "पुष्कळ, नाहीं तर ती वर चढेल कशी?" खरें उत्तर "शून्य" हें आहे.

या उत्तरानें विद्यार्थी चकित होतात, आणि त्यांत त्यांचा दोष फारसा नाहीं. जन्मापासून आपण जें पाहत आलों, तें सारें या उत्तराच्या उलट साक्ष देतें. हातगाडी ढकलणें थांबविलें कीं ती चार पावलांवर उभी राहते. पायडल मारणें सोडलें कीं सायकल मंदावत जाते. यावरून गति टिकविण्यास कोणी तरी सतत जोर लाविलाच पाहिजे, असें मत मनांत आपोआप घर करून बसतें. आणि शाळेंत शिकलेला नियम त्या मतावर नुसता रंगाच्या हातासारखा चढतो. थोडें खरचटलें कीं खालचें मत उघडें पडतें. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४–३२२) याचेंहि मत असेंच होतें. धनुष्यापासून सुटलेल्या बाणास मग कोण ढकलतें, ही अडचण त्यासहि दिसली होती. हवाच त्यास मागून लोटते, असें समाधान त्यानें करून घेतलें. या मतास हंसण्याचें कारण नाहीं. युरोपांतील मोठमोठ्या विद्वानांचें सुमारें दोन हजार वर्षें त्यावर भागलें.

या मतांतील उणीव कोठें आहे? हातगाडीवर आपला एकट्याचाच जोर चालत नसतो. चाकाचें आंसाशीं आणि जमिनीशीं होणारें घर्षण तिला सतत मागें धरीत असतें. परंतु हें दुसरें बल डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून आपण तें हिशेबांत धरीत नाहीं. आपण ढकलणें थांबवितों तेव्हां बल संपत नाहीं, उलट घर्षणाचें बल एकटें उरतें, आणि तेंच गाडी थांबवितें. म्हणजे हातगाडी थांबते ती बल नसल्यामुळें नव्हे, तर असल्यामुळें!

हें प्रथम स्पष्टपणें ओळखलें तें इटलींतील गॅलिलिओ (१५६४–१६४२) यानें. त्याची रीत इतकी साधी आहे कीं आमच्या वाचकांपैकीं कोणासहि ती घरीं करून पाहतां येईल. एक बांबू उभा चिरून त्याच्या दोन पन्हळी कराव्या, आंतील पेरांचे पडदे कानसीनें घासून गुळगुळीत करावे, आणि दोन्ही पन्हळी टोंकाशीं टोंक जुळवून अशा ठेवाव्या कीं एक उतरती असेल व दुसरी चढती. आतां पहिल्या पन्हळींत एक कांचेची गोटी वरून सोडावी. ती खालीं येऊन दुसऱ्या पन्हळींत चढेल, आणि जेवढ्या उंचीवरून सोडली जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जाऊन परतेल. जी थोडी उणीव राहते ती घर्षणाची व सांध्यांतील धक्क्याची. नंतर दुसऱ्या पन्हळीचा चढाव कमी करावा. गोटी पुनः तेवढ्याच उंचीचा शोध घेते, परंतु चढाव मंद असल्यामुळें तिला अधिक लांब जावें लागतें. चढाव आणखी कमी केला तर आणखी लांब. येथें गॅलिलिओनें हात थांबविला आणि बुद्धीस पुढें चालूं दिलें. दुसरी पन्हळ अगदीं सपाट केली तर? गोटीला ती उंची कधींच मिळावयाची नाहीं. म्हणून घर्षण मुळींच नसेल तर तिनें थांबण्याचेंहि कारण नाहीं. ती जातच राहील.

गॅलिलिओनें गतीचें मापनहि केलें. लांकडांत सरळ खांच पाडून तिला आंतून गुळगुळीत चर्मपत्र चिकटविलें, खांचेंतून ब्रॉंझचा गोळा सोडला, आणि वेळ मोजण्यास मोठ्या भांड्यांतून बारीक धारेनें पडणाऱ्या पाण्याचें वजन केलें. त्या काळीं सेकंद मोजणारें घड्याळ नव्हतें हें ध्यानांत ठेवावें. त्यास असें आढळलें कीं, दुप्पट वेळांत गोळा चौपट अंतर जातो आणि तिप्पट वेळांत नऊपट. उतारावर वेग सारख्या प्रमाणानें वाढत जातो, असा याचा अर्थ होतो. या वेगवाढीस आपल्या पाठ्यपुस्तकांत त्वरण म्हणतात. हे प्रयोग त्याच्या ज्या ग्रंथांत आहेत तो १६३८ सालीं हॉलंडांतील लायडन येथें छापला गेला.

न्यूटनचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ १६८७ सालचा. गॅलिलिओनें जें अर्धे मोकळें केलें होतें तें न्यूटननें पूर्ण सोडविलें. बल गति टिकवीत नाहीं. बल गति बदलतें. वेग वाढविण्यास बल लागतें, कमी करण्यास लागतें, आणि दिशा वळविण्यासहि लागतें. (म्हणूनच आमच्या प्रश्नांत रूळ सरळ आहे अशी अट घातली. वळणावर वेगाचा आंकडा तोच राहिला तरी दिशा बदलते, आणि त्यासाठीं रुळांनीं चाकांस आंतल्या बाजूस दाबावें लागतें.) एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचा वेग दर सेकंदास एक मीटर इतका वाढविणारें जें बल, त्यास एक न्यूटन म्हणतात, हातांत धरलेल्या सुमारें शंभर ग्रॅमच्या पेरूचा भार जवळजवळ तेवढाच असतो. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बोलण्यांत बल, शक्ति, जोर, ताकद हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं खुशाल वापरतों, आणि कवितेंत त्यानें शोभाहि येते. पदार्थविज्ञानाच्या वहींत मात्र तसें करूं नये. शक्ति म्हणजे काम करण्याचा दर. ती निराळी वस्तु आहे.

आतां घाटाकडे वळूं. बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ सालीं घाट वाहतुकीस खुला झाला. मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कली होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ सालीं वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनीं तें कंत्राट पुढें चालविलें. ज्या हजारों मजुरांनीं तो कातळ फोडला आणि ज्यांपैकीं कित्येक पटकीनें तेथेंच मेले, त्यांचीं नांवें मात्र कोठें लिहिलेलीं नाहींत. सुमारें २५ किलोमीटरांच्या अंतरांत हा मार्ग सुमारें ५५० मीटर चढतो, आणि सर्वांत कठीण जागीं चढाव ३७ स १ इतका आहे. म्हणजे ३७ मीटर चाललें कीं एक मीटर उंची. पायीं चालणाऱ्यास हा चढाव विशेष वाटणार नाहीं. आगगाडीस तो कसा वाटतो हें आंकड्यांनीं पाहूं.

इंजिनांसह गाडीचें वजन १,००० टन धरूं. सपाट रुळावर अशी गाडी एकसारख्या वेगानें चालती ठेवण्यास दर टनास सुमारें तीन किलोग्रॅम भाराइतकें बल पुरतें, म्हणजे सगळें मिळून तीन टन. लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतकें सहज फिरतें! परंतु ३७ स १ या चढावावर गुरुत्वाकर्षण गाडीस तिच्या वजनाच्या सदतिसाव्या हिश्शानें खालीं ओढतें. हा हिस्सा २७ टन होतो. घर्षणाचे तीन मिळवून ३० टन झाले. म्हणजे ज्या गाडीस कर्जतपर्यंत तीन टनांची ओढ पुरत होती, तिलाच घाटांत दहापट लागते. इंजिनें मिळून ३० टनांनीं वर ओढीत व रेटीत आहेत, गुरुत्वाकर्षण आणि घर्षण मिळून ३० टनांनीं मागें ओढीत आहेत, वजाबाकी शून्य. वेग बदलत नाहीं याचें कारण हेंच, आणि वेग बदलत नाहीं यावरूनच ही वजाबाकी शून्य असली पाहिजे हें कळतें.

"पण मग गाडी चालते कां?" असें कोणी पुनः विचारील. कारण ती आधींच चालत होती. चालती झाली ती कर्जतच्या स्टेशनांत, जेव्हां ओढ विरोधापेक्षां अधिक होती. त्या वेळीं शिल्लक उरलेल्या बलानें तिला वेग दिला. पुढें तो वेग राखण्यास शिलकेची गरज नाहीं. उद्यां ड्रायव्हरनें इंजिनाचा जोर वाढवून ३० चे ३२ टन केले, तर वरचे दोन टन गाडीचा वेग वाढवूं लागतील. जोर घटवून २८ वर आणला, तरीहि गाडी त्या क्षणीं मागें जाणार नाहीं. ती वरच चढत राहील, परंतु वेग घटत जाईल. बलाची दिशा एकीकडे आणि गतीची दुसरीकडे, असें होऊं शकतें, ही गोष्ट ज्यास पटली त्यास गतिशास्त्राचा अर्धा भाग कळला असें आम्ही समजतों.

या तीस टनांचा उगम कोठें आहे, हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे. इंजिन स्वतःस ढकलूं शकत नाहीं. आपल्याच शेंडीला धरून कोणी वर चढत नाहीं. इंजिनाचें चाक रुळास मागें ढकलतें आणि रूळ चाकास तितक्याच बलानें पुढें ढकलतो. हाच न्यूटनचा तिसरा नियम. बैलगाडीचें जुनें कोडें येथें पुष्कळांस अडवितें: बैल गाडीस जितक्या जोरानें पुढें ओढतो तितक्याच जोरानें गाडी बैलास मागें ओढते, तर मग दोघेहि हलतात कसे? उत्तर असें कीं, हीं दोन बलें दोन निराळ्या वस्तूंवर आहेत. त्यांची एकमेकांतून वजाबाकी करणें म्हणजे रामाचें देणें गोविंदाच्या खात्यांतून वळतें करण्यासारखें आहे. गाडीचा हिशेब स्वतंत्र मांडावा: पुढें बैलाची ओढ, मागें घर्षण. बैलाचा स्वतंत्र मांडावा: त्याच्या खुरांनीं मागें रेटलेली जमीन त्यास पुढें रेटते, आणि गाडी त्यास मागें ओढते. घाटांतल्या गाडीच्या बाबतींत आम्हीं जी वजाबाकी केली ती एकाच वस्तूवरील बलांची होती, म्हणून ती योग्य होती. तिसऱ्या नियमाची जोडी आणि तोललेल्या बलांची जोडी यांची गल्लत करूं नये.

इंजिनाचें प्रत्येक चाक रुळास स्पर्श करतें तें केवळ आंगठ्याच्या नखाएवढ्या जागीं. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतकी बसते. १२० टनांच्या इंजिनास ३० टन. म्हणजे आमच्या हिशेबांत अगदीं काठोकाठ! श्रावणांत घाट धुक्यानें भरतो, रूळ ओलेचिंब होतात, वर गळून पडलेला पाला चिरडून त्याची साय बसते, आणि पकड पुष्कळच घटते. मग इंजिनांत हवी तेवढी शक्ति असली तरी चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात. रुळावर वाळू सोडण्याची सोय इंजिनांत असते ती यासाठीं. गाडीच्या मागें रेटणारीं इंजिनें कर्जतला जोडतात, त्याचें एक कारण पकड वांटली जावी हें आहे. दुसरें कारण असें कीं, सारी ओढ पुढूनच लाविली तर पहिल्या डब्याच्या सांखळदुव्यावर जवळजवळ सगळ्या गाडीचा ताण येईल. मागून रेटल्यानें तो ताण निम्म्याहून कमी करतां येतो.

चढण्यांत फार तर गाडी थांबेल. जीवाचा धोका आहे तो उतरण्यांत. समजा, खंडाळ्याच्या बाजूनें उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक अजिबात लागले नाहींत. ३७ स १ या उतारावर तिचें त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सदतिसाव्या हिश्शाएवढें, म्हणजे दर सेकंदास सुमारें ०.२६ मीटर प्रति सेकंद होईल. आंकडा क्षुल्लक वाटतो. परंतु उभी असलेली गाडी एका मिनिटांत ताशीं ५७ किलोमीटर वेग घेईल, आणि तोंपर्यंत अर्धा किलोमीटरहि गेली नसेल. दोन मिनिटांत वेग ताशीं ११४ आणि अंतर जवळजवळ दोन किलोमीटर, हें गॅलिलिओच्या चौपटीच्या नियमाप्रमाणेंच झालें. घर्षणामुळें हे आंकडे थोडे कमी होतील इतकेंच. आणि पुढें घाटाचें वळण आहे.

या ठिकाणीं पुष्कळांस वाटतें कीं भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षां लवकर बेफाम होईल. तसें नाहीं. दुप्पट वजनाच्या गाडीस पृथ्वी दुप्पट बलानें ओढते हें खरें; परंतु तिचें वस्तुमानहि दुप्पट, म्हणून वेग बदलण्यास ती दुप्पट आळशी. या आळसासच जडत्व म्हणतात. दोहोंचा भागाकार तोच राहतो. वजन वाढल्यानें बदलतें तें ब्रेकांचें काम. आमची १,००० टनांची गाडी नुसती एकसारख्या वेगानें उतरवावयाची म्हटली तरी ब्रेकांनीं २४ टन धरून ठेविले पाहिजेत, कारण २७ पैकीं तीनच घर्षण आपण होऊन घेतें. सबंध घाट उतरतांना जी ऊर्जा अशी जिरवावी लागते, तिनें सुमारें पंधरा हजार लिटर पाण्यास आधण येईल! ती सारी चाकांच्या ब्रेकांत उष्णतेच्या रूपानें जाऊं लागली तर ब्रेक तापून निकामी होण्याचें भय असतें. विजेचीं इंजिनें उतरतांना आपल्या मोटारींकडून उलट वीज निर्माण करवून ती तारेंत परत धाडूं शकतात. त्यामुळें ब्रेकांचा भार पुष्कळ हलका होतो. या घाटांत विजेच्या गाड्या आल्या त्यास १९२९ हें वर्ष लागलें.

जातां जातां आणखी एक गोष्ट. लोकल थांबण्यापूर्वींच उडी टाकणाऱ्याचे पाय फलाटाला लागून थांबतात, शरीर मात्र गाडीच्याच वेगानें पुढें जाण्याचा हट्ट धरतें. तो पडतो तो याच पहिल्या नियमामुळें. ताशीं २० किलोमीटर हा वेग खिडकींतून पाहणाऱ्यास कांहींच वाटत नाहीं. परंतु दोन मीटर उंचीच्या भिंतीवरून पडणारा मनुष्य जमिनीस लागतो त्या वेळीं त्याचा वेग ताशीं २३ किलोमीटरांहून अधिक नसतो.

घाटांत ब्रेक फसले तर उपाय काय? इंजिनिअरांनीं केलेला उपाय पाहून गॅलिलिओची दुसरी पन्हळ आठवते. ठाकुरवाडी, मंकी हिल अशा ठिकाणीं मुख्य मार्गापासून एक रूळवाट फुटून डोंगराच्या अंगावर वर चढत जाते आणि तेथेंच संपते. तिला कॅच सायडिंग म्हणतात. बेफाम आलेली गाडी तींत शिरली कीं जें गुरुत्वाकर्षण तिला पळवीत होतें तेंच तिला थोपवूं लागतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें आलेली गाडी फक्त १४ मीटर उंची चढून थांबेल. वाट २० स १ चढत असेल तर त्यास २८० मीटर लांबी पुरे. वेग दुप्पट असेल तर मात्र उंची दुप्पट पुरत नाहीं, चौपट लागते: सुमारें ५७ मीटर, आणि लांबी एक किलोमीटराहून अधिक. गाडी तीनशें टनांची आहे कीं हजार टनांची, हें या गणितांत कोठेंच येत नाहीं. मालगाडीसाठीं एक आणि डाकगाडीसाठीं दुसरी अशा दोन वाटा बांधाव्या लागल्या नाहींत त्या यामुळें.

वेग चढूं दिला तर कोणतीहि वाट अपुरी पडेल, हें या चौपटीवरून उघड आहे. म्हणून घाटांत सांधे नेहमीं कॅच सायडिंगच्या बाजूनेंच लावून ठेवितात. उतरत्या गाडीनें प्रथम सिग्नलापाशीं पूर्ण थांबून दाखवावें लागतें. ती थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हें ठरलें, कीं मगच सांधे मुख्य मार्गाकडे वळवितात आणि तिला पुढें कर्जतची वाट मोकळी होते.